फलाटावरची पहिली रात्र

१८४९ साली पुण्यात एका बापाने आपल्या मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं. मुलगा बावीस वर्षांचा, सून अठरा वर्षांची. गुन्हा एवढाच, की दोघं मुलींना शिकवत होती. बाप दुष्ट नव्हता. त्याच्यावर जातभाईंचा आणि भोवतालच्या समाजाचा दाब होता आणि त्या दाबापुढे तो वाकला. तेव्हा गंज पेठेतल्या उस्मान शेख यांनी आपलं दार उघडलं आणि जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या डोक्यावर छप्पर आलं.

जयंतीला आपण हार घालतो तो या दोघांना, आणि घातलाच पाहिजे. पण दार उघडणाऱ्याला आपण एका वाक्यात उरकतो. आजच्या महाराष्ट्रात खरा तुटवडा आहे तो उस्मान शेखांचा. अठरा-बावीस वर्षांची, त्याहून लहानही, घराबाहेर पडलेली पोरं आजही रोज दादरला, कुर्ल्याला, कल्याणला, पुण्याला, नागपूरला गाडीतून उतरतात. दारं मात्र ‘आधी ओळखपत्र दाखवा’, ‘एकट्या मुलीला खोली देत नाही’, ‘नसती भानगड कशाला’ असं म्हणत बंद होतात.

२०११च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार माणसं बेघर म्हणून नोंदली गेली, त्यांतली दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रात. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्री, रस्त्यावर, फलाटावर, पुलाखाली झोपलेल्यांची झाली. जो मुलगा त्या रात्री मित्राच्या खोलीवर जमिनीवर पडला होता, जी मुलगी मावशीकडे ‘चार दिवस’ म्हणून राहत होती आणि पाचव्या दिवसाचं तिला ठाऊक नव्हतं, जे पोरगं हॉटेलात भांडी घासून तिथेच बाकड्याखाली झोपत होतं, ते या आकड्यात नाहीत. तरुणांचं बेघरपण असंच असतं. ते आज या खोलीवर, उद्या त्या गाडीत असतं, म्हणून आपल्या डोळ्यांना ते बेघरपण वाटतच नाही.

ही पोरं घर का सोडतात? ‘मुंबईचं वेड’, ‘हिरो व्हायला पळाला’ ही उत्तरं आपल्या सोयीची आहेत, कारण त्यांत दोष पोराचा निघतो. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी स्टेशनवर एकटं बसलेलं पोर निकालाला नाही, निकालानंतर घरी होणाऱ्या माराला घाबरलेलं असतं. दारूडा बाप, सावत्र घरातला छळ, सोळाव्या वर्षी ठरवलेलं लग्न, घरातल्याच कुणाचा वाईट स्पर्श, जातीबाहेरच्या प्रेमामुळे उपसलेल्या काठ्या, ‘तू असा बायकी का’ म्हणून रोजची अवहेलना, नाहीतर आईबाप गेल्यावर नातेवाइकांनी एकमेकांकडे टोलवलेलं ओझं. यांतल्या कशातून बाहेर पडलेल्या मुलाला ‘घरी जा, आई वाट बघत असेल’ एवढंच सांगून आपण पुढे निघून जात असू, तर तो सल्ला क्रूर आहे. पुष्कळदा ज्याच्यापासून पोर पळालं तो घरीच बसलेला असतो.

आता पहिल्या रात्रीबद्दल बोलू, कारण पुढचं सगळं बरंचसं तिथे ठरतं. स्टेशनवर उतरलेल्या एकट्या पोराकडे कुणी ना कुणी येतंच. तो शिव्या देत येत नाही, वडापाव घेऊन येतो. गावचं नाव विचारतो, ‘आमच्याकडचाच की रे तू’ म्हणतो. झोपायला जागा दाखवतो. दुसऱ्या दिवशी काम देतो: बाटल्या वेचायचं, केटररकडे ताटं उचलायचं, कुणाला एक पुडी नेऊन द्यायचं. पंक्चरच्या दुकानातलं सोल्युशन रुमालावर ओतून हुंगायला शिकवतो, कारण भूक आणि भीती दोन्ही मरतात आणि पोर हाताखाली राहतं. मुलगी असेल तर बहुधा बाई पुढे होते, ‘बाळ’ म्हणते, अंघोळीला पाणी काढते. हल्ली यात नवी चालही आली आहे. आधार कार्ड घेऊन पोराच्या नावाने बँकेत खातं उघडायचं, सिमकार्ड काढायचं, हातावर थोडे पैसे टेकवायचे आणि त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरवायचा. पोलीस येतात तेव्हा खात्यावर नाव पोराचं असतं.

म्हणजे बेघर पोराची गरज काय असते हे दलालाला नीट कळतं: खाणं, झोपायची जागा, गोड शब्द, काम. समाज म्हणून आपल्याला ते कळत नाही, की कळून आपण वेळेवर पोचत नाही? मला वाटतं दुसरं. आपण पोचतो ते डिसेंबरात ब्लँकेट आणि कॅमेरा घेऊन. मुंबईत उघड्यावर झोपणाऱ्याचे खरे हाल जुलैत होतात, जेव्हा अंथरायला कोरडी फरशी सापडत नाही. पण पावसाळ्यात ब्लँकेटचा फोटो चांगला येत नसावा.

‘नसती भानगड’ म्हणणाऱ्यांनी कायदा एकदा समजून घ्यावा. बाल न्याय अधिनियम, २०१५चं कलम ३२ म्हणतं, की पालकांपासून दुरावलेलं, हरवलेलं, सोडून दिलेलं किंवा निराधार दिसणारं मूल ज्याला सापडेल आणि जो त्याला ताब्यात घेईल त्याने चोवीस तासांच्या आत कळवायचं: चाइल्डलाइनला, पोलिसांना, बालकल्याण समितीला किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला. न कळवणं हा गुन्हा आहे आणि त्याला शिक्षा आहे. सापडलेल्या पोराला ‘आमच्याकडे राहील, वरकाम करील’ म्हणून घरी ठेवून घेणारे दयाळू नव्हेत, तेही कायद्याच्या कचाट्यात येतात. आणि हो, मुलाचा फोटो काढून ‘जास्तीत जास्त शेअर करा’ म्हणत गटागटांत पाठवणंही थांबवा. अशा मुलाची ओळख उघड करायला याच कायद्याच्या कलम ७४ने मनाई केली आहे. त्या फोटोवरून सर्वांत आधी पत्ता लागतो तो बहुधा ज्याच्यापासून पोर लपत असतं त्याला.

मग करायचं काय? पोराजवळ बसा, उभं राहून दरडावू नका. आधी पाणी, खाणं, प्रश्न नंतर. नाव सांगत नसेल तर राहू दे. त्याच्यासमोरच चाइल्डलाइनचा १०९८ लावा, रेल्वेत किंवा स्टेशनवर असाल तर १३९, मारहाणीचा किंवा जिवाचा धोका दिसत असेल तर ११२. माणूस येईपर्यंत तिथून हलू नका. एवढंच. यासाठी संस्था काढावी लागत नाही, वर्गणी लागत नाही. एखादी लोकल चुकते, इतकंच.

इथून पुढे मला थेट त्या मुलामुलींशी बोलायचं आहे ज्यांच्या हाती हा लेख कदाचित पडणार नाही. वाचणाऱ्यांनी तो त्यांच्यापर्यंत न्यावा. वर्गात वाचावा, अभ्यासिकेच्या फळ्यावर लावावा.

पोरा, घरात राहणं अशक्य झालंय असं वाटत असेल तर निघण्याआधी फोन कर, निघाल्यावर नको. तू अठराच्या आत असशील तर १०९८. हा क्रमांक याच महाराष्ट्रात, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून १९९६ साली सुरू झाला, तो रस्त्यावरच्या मुलांना रात्री-अपरात्री कुणाला तरी हाक मारता यावी म्हणून. फोन फुकट लागतो आणि दिवसरात्र लागतो. घरातूनच बोललास तर कधी कधी घर सोडायची पाळीही येत नाही. वडील गेले असतील, आई एकटी असेल आणि पैशापायी शाळा सुटत असेल तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. २०२३मध्ये तिची रक्कम महिन्याला २,२५० रुपये झाली. ती मिळवायला हेलपाटे घालावे लागतात हे खरं, पण शाळेच्या बाईंना, अंगणवाडीताईंना सोबत घेऊन घातलेला हेलपाटा फलाटावरच्या रात्रीपेक्षा परवडतो.

आणि तरीही निघावंच लागलं तर कागद घेऊन निघ. आधार, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, बँकेचं पासबुक. मूळ नेता येत नसतील तर फोटो काढून स्वतःच्या ईमेलला पाठव, डिजिलॉकरमध्ये ठेव. फोन चोरीला जातो, म्हणून दोन भरवशाच्या माणसांचे नंबर तोंडपाठ कर. रागाच्या भरात घर सोडणारा कपडे घेतो, पैसे घेतो, दाखला मात्र कपाटात राहतो. पुढे प्रवेश, नोकरी, खोली सगळं त्या दाखल्यावाचून अडतं.

स्टेशनवर उतरलास तर फलाटाच्या टोकाला, यार्डाच्या बाजूला, पादचारी पुलाखालच्या अंधारात जाऊ नकोस. तिकीटखिडकीजवळ, रेल्वे सुरक्षा दलाच्या चौकीसमोर, उजेडात, बायकामुलं असलेल्या प्रतीक्षालयात बस. ‘चल, काम देतो’ म्हणणाऱ्याला ‘इथेच सांगा, पोलिसांसमोर सांगा’ म्हण. खरा असेल तर थांबेल. दिलेलं पेय पिऊ नकोस. आधार कार्ड, फोन, अंगठा, सही कुणालाही देऊ नकोस. खोलीचं भाडं ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्याकडे राहू नकोस. तो भाडं वेगळ्या नाण्यात वसूल करतो. पोटासाठी गुरुद्वाऱ्यात जा. तिथे लंगरमध्ये जात, धर्म, पत्ता कुणी विचारत नाही. नांदेडच्या हुजूर साहिबला तर हजारो माणसं रोज जेवतात. शिवभोजनाचं केंद्र चालू असेल तिथे दहा रुपयांत थाळी आहे.

पोलिसांची भीती वाटते, ‘रिमांड होममध्ये टाकतील’ ही त्याहून जास्त. ती भीती दलालांनीच पसरवलेली असते, पण तिच्यात थोडं तथ्यही आहे, म्हणून सरळ सांगतो. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलासाठी निरीक्षणगृह असतं, काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलासाठी बालगृह. तू दुसऱ्यातला आहेस. कायद्याने तुला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. तिथे तुझं म्हणणं ऐकून घेणं बंधनकारक आहे आणि चौकशी केल्याशिवाय समितीने तुला घरी धाडायचं नसतं. घरी काय होतं ते त्या टेबलासमोर बोल. लाजू नकोस. समितीत किमान एक महिला असतेच, तिच्याशी एकांतात बोलायचं असेल तर तसं माग. बालगृहं सगळी चांगली आहेत असं मी म्हणणार नाही, काही वाईट आहेत. पण बालगृहाची तक्रार करायला समिती आहे, दलालाची तक्रार तू कुणाकडे करणार?

पोरी, तुझ्यासाठी १८१ ही महिला मदतवाहिनी आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर आहे. तिथे पाच दिवसांपर्यंत तात्पुरतं राहता येतं, डॉक्टर, वकील, पोलीस एका छताखाली भेटतात. पुढच्या मुक्कामासाठी शक्ती सदन. आणि एक गोष्ट फार कमी मुलींना माहीत असते. २००५चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा फक्त सुनांसाठी नाही. बापाच्या घरात राहणारी मुलगीही त्या कायद्याखाली येते, घर तिच्या नावावर नसलं तरी तिथे राहण्याचा हक्क तिला आहे आणि मारहाण करणाऱ्याला आवरण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. म्हणजे दर वेळी मुलीनेच बाहेर पडायचं असं नाही. वकिलाची फी हा प्रश्न नाही; १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो. लैंगिक अत्याचार झाला असेल तर कुठलंही इस्पितळ, सरकारी असो वा खासगी, फुकट आणि ताबडतोब उपचार नाकारू शकत नाही. ‘आधी एफआयआर आणा’ म्हणणं बेकायदा आहे.

दुसऱ्या जातीत, धर्मात लग्न करून जिवाच्या भीतीने पळणाऱ्या सज्ञान जोडप्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या शक्ती वाहिनी निकालात सुरक्षित निवारे आणि जिल्हावार विशेष कक्ष उभारायला सांगितलं आहे. थेट जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी संरक्षण मागा आणि पोच घ्या. अठरा पूर्ण केलेल्या तृतीयपंथी माणसांसाठी केंद्राच्या योजनेतून गरिमा गृह नावाचे निवारे आहेत, एक मुंबईतही आहे. गरज बघता ते पुरे पडत नाहीत हे सांगायला आकडे नकोत. मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर १४४१६ला बोला, मराठीत बोलता येतं.

आता खरी अडचण, अठरा पूर्ण झालेल्यांची. वाढदिवसाच्या आदल्या दिवसापर्यंत ज्याच्यासाठी समिती, गृह, अधीक्षक सगळं होतं, तो दुसऱ्या दिवशी कायद्याच्या नजरेत मोठा माणूस होतो. बालगृहात वाढलेल्या पोराला बॅग देऊन निरोप द्यायचा, बाहेर कुणी घ्यायला आलेलं नसतं. आपल्या घरातल्या अठरा वर्षांच्या मुलाला आपण बसचा पास काढायला एकटं पाठवताना दहा सूचना करतो! कायदा मात्र इतका निर्दय नाही. बाल न्याय अधिनियमाचं कलम ४६ आणि त्याखालचे नियम एकविसाव्या वर्षापर्यंत, विशेष परिस्थितीत तेविसाव्यापर्यंत अनुरक्षणाची सोय सांगतात: अनुरक्षण गृह, शिक्षण, कौशल्य, आर्थिक मदत. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत अनुरक्षणासाठी महिन्याला ४,००० रुपये आहेत. राज्याने २०१८मध्ये अनाथांना नोकरी-शिक्षणात एक टक्का समांतर आरक्षण दिलं, त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं. पण हे प्रमाणपत्र सतराव्या वर्षी हाती असायला हवं, नोकरीचा अर्ज भरताना धावाधाव करून नव्हे. संस्थाचालकांनो, अठराव्या वाढदिवसाला केक कापण्याआधी या फाइली पुऱ्या करा. आणि मुलांनो, संस्था सोडताना आधार, प्रमाणपत्र, पासबुक आणि अनुरक्षणाच्या अर्जाची पोच हातात घेतल्याखेरीज फाटक ओलांडू नका. तो तुमचा हक्क आहे.

सज्ञान बेघराच्या डोक्यावर आणखी एक टांगती तलवार आहे. १९५९चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून जिवंत आहे. पोट भरण्याचं दिसेल असं साधन नाही आणि फिरतोय, अशा माणसालाही तो भिकाऱ्याच्या व्याख्येत ओढू शकतो. पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात आणि पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवलं जाऊ शकतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८मध्ये तिथे लागू असलेल्या याच कायद्यातलं भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं घटनाबाह्य ठरवली. ज्या राज्यात तो जन्मला त्या राज्याने अजून तो कवटाळून बसावं, ही पुरोगामीपणाची कसली मिजास? कॉलेजचं ओळखपत्र, कामाची चिठ्ठी, काहीही जवळ ठेवा; पकडलंच तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे सरकारी खर्चाने वकील मागा. पत्ता नाही म्हणून नागरिकत्व जात नाही. बेघराला मतदार होता येतं: नमुना ६ भरला, की अधिकारी रात्री येऊन तो तिथेच झोपतो ना एवढं बघतो, राहण्याच्या पुराव्याचा कागद लागत नाही.

राहिला निवाऱ्याचा प्रश्न. २०१०मध्ये, दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत एक निवारा पाडल्यानंतर, सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक मोठ्या शहरात एक लाख लोकसंख्येमागे बारमाही, चोवीस तास उघडा असा निवारा हवा असं बजावलं. शहरी बेघरांच्या योजनेतही तेच सूत्र आलं: लाखामागे किमान शंभर माणसांचा एक कायमचा निवारा, माणशी किमान ५० चौरस फूट जागा. आपल्या शहराची लोकसंख्या सगळ्यांना माहीत असते. भागाकार शाळकरी पोरही करील. उत्तर घेऊन प्रभाग कार्यालयात जा, विचारा: आपल्याकडे किती आहेत, कुठे आहेत, मुलींसाठी वेगळा कुठे आहे, अठरा ते पंचविशीच्या पोरांना म्हाताऱ्या-आजारी माणसांतच कोंबता की वेगळी खोली आहे? तोंडी उत्तर घेऊ नका, माहितीचा अधिकार वापरा. नगरसेवक मत मागायला येईल तेव्हा गटाराआधी हा प्रश्न टाका.

आणि हे काम महाराष्ट्राला परकं आहे असं कुणी म्हणू नये. शाहू महाराजांनी १९०१पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं उभी केली, कारण खेड्यातल्या पोराला शाळेची फी माफ करून भागत नाही, रात्री पाठ टेकायला जागा लागते, हे त्यांना कळलं होतं. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीत बसवलं आणि त्या पोरांचं धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. आज त्याच महाराष्ट्रात वसतिगृहाची यादी लागते तेव्हा निम्मं सत्र सरलेलं असतं, वसतिगृह न मिळालेल्यांसाठीच्या स्वाधार योजनेचे पैसे वर्ष संपता संपता येतात, आणि तोवर पोर अभ्यासिकेच्या खुर्चीत बसून रात्र काढतं. हा उशीर तांत्रिक नाही. मुलं बेघर करणारा उशीर आहे, आणि तो करणाऱ्या टेबलाचं नाव लिहून विचारलं पाहिजे.

घरमालकांनाही सांगणं आहे. बालगृहातून बाहेर पडलेला, कामावर लागलेला, भाडं देऊ शकणारा मुलगा ‘गावाकडचा पत्ता काय, वडील काय करतात’ या प्रश्नावर अडतो. आडनाव विचारून चाव्या खिशात परत घालणारे तर आपल्या सोसायट्यांत पोत्याने आहेत. एका खोलीचा करार, एका संस्थेच्या हमीवर, अशा एका पोराशी करा. शाळांनी निकालाच्या दिवशी दोन शिक्षक संध्याकाळपर्यंत शाळेत थांबवावेत. गणेश मंडळांनी यंदा देखाव्याच्या बाजूला १०९८, १८१, १३९, ११२ हे चार आकडे दुरून वाचता येतील एवढे मोठे लावावेत. महिला मंडळं, विद्यार्थी संघटना, रिक्षा स्टँडवरचे चालक, स्टेशनबाहेरचे चहावाले, ज्यांना एकटं पोर सर्वांत आधी दिसतं त्या सगळ्यांनी हे आकडे आज रात्रीच मोबाइलमध्ये टाका, आणि दलालाच्या आधी पोराजवळ पोचा.